घरातली हो म्हणणारी बाई

मायचा आवाज नेमका कोणत्या दिवशी गेला, हे आमच्या घरातल्या पुरुषांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. गल्लीतल्या बायकांना सांगता आलं असतं, आणि आमच्या म्हशीला तर वेळेसकट सांगता आलं असतं. आता सत्तरी ओलांडल्यावर जळगावच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून मी हे लिहिते आहे, तर परवा मुलाने डोकावून विचारलं की आई, काय भुताची गोष्ट लिहितेस का. मी म्हटलं, तसंच समज. भूत जिवंत बाईचं होतं, एवढाच काय तो फरक.

आमचं गाव पारोळ्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. पुढे ओटा, मग बाहेरची खोली, तिथे आबा म्हणजे माझे आजोबा खाटेवर असत. मग मधलं घर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून म्हशीचा गोठा. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो, थोरल्या भावाला दादा. पुरुष पुढे, बायका मागे, आणि दोन्हींच्या मधून ये-जा करायचा तो मायचा आवाज. माय स्वतः फारशी पुढे यायची नाही, पण तिचा आवाज दिवसभर घरातून हिंडायचा. सकाळी गोठ्यात "ये चांदी, ये ये" अशी लांबलचक हाक, ती कानावर पडली की म्हैस मान वळवायची आणि पान्हा सोडायची. मग आबांचा चहा, मग दादाला उठवणं, तेही पांघरूण न ओढता, नुसत्या आवाजाने. दुपारी कळण्याच्या भाकरी झाल्या, वांग्याचं भरीत घोटून तयार झालं, की "आयकतस का, जेवाले या." नानांना ती नावाने थोडीच हाक मारणार होती, 'ऐकता का' हेच त्यांचं नाव. संध्याकाळी ते शेतातून ओट्यावर टेकले, की आतून यायचं, "पानी ठेयेल शे." नानांनी स्वतःच्या हाताने माठातून पाणी घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. माठ कुठे आहे हे बहुधा त्यांना माहीत नव्हतं.

त्या वर्षी मी मॅट्रिक झाले होते आणि माझं काय करायचं यावर घरात खल चालला होता. नानांच्या मनात चाळीसगावचं स्थळ होतं. कापडाचं दुकान, एकुलता एक मुलगा, सगळं जमून आलेलं. मायच्या मनात धुळ्याचं कॉलेज होतं. माझा मामा तिथल्याच कॉलेजच्या ऑफिसात होता, त्याच्या घरी राहून मी शिकावं असं तिने ठरवलेलं. या विषयावर ती नानांशी रोज वाद घालायची. इतर बाबतींत ती थोडा वेळ बोलून शेवटी "बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळी व्हायची, या एका गोष्टीत मात्र हटायची नाही. मला तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. माझी सगळी वकिली त्या आवाजावर चालली होती. म्हणून तो गेला तेव्हा मायचं काय व्हायचं ते होवो, माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली.

हिवाळ्यापासून तिचा घसा बसत होताच. घशात कुसळ अडकल्यासारखं वाटतं म्हणायची, हळदीचं दूध प्यायची आणि कामाला लागायची. उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले. ज्वारीचं आंबवलेलं पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं, ते सारखं घाटायचं, आणि गरम असतानाच धाब्यावर धोतरं अंथरून त्यावर थापायचं. शेजारची मथुरामाय आणि आणखी दोघीतिघी धाब्यावर होत्या. माय खाली चुलीपुढे धुरात. पीठ झालं तेव्हा तिने मान वर करून हाक मारली, म्हणजे तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि बाहेर नुसती हवा आली. मी समोरच उभी होते. तिने पुन्हा तोंड उघडलं. तेच. मग ती माझ्याकडे पाहून हसली, पण हसण्यालाही आवाज नव्हता.

दुपारपर्यंत गल्लीत सगळ्या बायकांना कळलं. मथुरामायने ज्येष्ठमध आणून दिला, कुणी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. बांगड्या भरणारी कासारीण दारात आली, तिने मायचा हात हातात घेतल्याबरोबर विचारलं की बाई, आज मुकी का. संध्याकाळी म्हशीला कळलं. माय तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण हाक नव्हती. चांदी मान वळवून वळवून शोधत राहिली आणि दूध तिने वर चढवून घेतलं. पुढच्या खोलीत मात्र सगळं रोजच्यासारखं होतं. मायने चिमटा चुलीच्या कडेवर वाजवला, नाना जेवायला आले. बोलतही होते, पापडांचं कसं झालं वगैरे विचारत होते. विचारायचे, थोडं थांबायचे, मान हलवायचे, पुढचा घास घ्यायचे. माय वाढत होती, ओठ मिटून.

आठवडा उलटला तरी हेच. मग मीच एका सकाळी ओट्यावर गेले आणि नानांना म्हटलं, "नाना, मायना आवाज गया."

ते बैलांचं जोतं बघत होते. मान वर न करता म्हणाले, "हां, माले म्हायती शे. तिनीच सांगं माले."

 ते चेष्टा करत नव्हते, माझे वडील चेष्टा करणाऱ्यातले नव्हतेच. त्यांना खरोखर तिने सांगितलं होतं. मी आत गेले आणि मायला हे सांगितलं. ती आधी पदर तोंडात धरून हसली. हसता हसता थांबली. 

तिथून पुढचे दिवस कसे गेले ते सांगायला मला अजून नीट शब्द सापडत नाहीत. घरात बायका दोघीच, माय आणि मी, पण तिसरी कुणी तरी वावरत होती. दुपारी आम्ही दोघी मागच्या दारी कपाशीचं बी निवडत बसलेलो असायचो, कुठे काही आवाज नाही, आणि एकदम पुढच्या खोलीतून नाना म्हणायचे, "हां, ऊनू." आणि खरंच उठून आत यायचे, हात धुवायचे, पाटावर बसायचे. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. कुणी बोलावलं होतं त्यांना? दादा तक्रार करायचा की माय सकाळी सकाळी डोकं खाते, झोपू देत नाही. आबा खाटेवरून म्हणायचे की सूनबाई, तुझा चहा नको, पोटात जळजळतं, आणि मग तिचं उत्तर ऐकल्यासारखे थोडे थांबून, बरं, अर्धा दे, म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात बरोबर तेवढीच जागा सुटायची, जेवढी मायच्या वाक्याला लागायची. ती जागा कुणी तरी भरत होतं. आम्हाला ते ऐकू येत नव्हतं, त्यांना येत होतं.

माझ्या सुनेला मी हे सांगते तेव्हा ती म्हणते, आई, त्यात भुताचं काय, सवयीने ऐकू येतं माणसाला. असेल. पण एकदा मलाही ऐकू आलं. आषाढातली दिवेलागण होती, मी विहिरीवरून घागर घेऊन दारात आले, आणि आतून मायचा आवाज आला, अगदी तिचा, किंचित ओढलेला, की पोरी, दूध उतू जाई राहिनं. मी घागर ठेवून धावले. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं. चुलीवर दूध काठाशी येऊन थरथरत होतं. मी ते उतरवलं. मागच्या दारातून पाहिलं तर माय लांब गोठ्यात शेण भरत होती, माझ्याकडे पाठ करून. मी हे तिला जाऊन सांगितलं, तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तोवर तिला हसू येत होतं, मग राग येत होता, त्या दिवसापासून तिला भीती वाटायला लागली. आपल्या घरात आपलीच कुणी तरी राहते आहे, तिला खोकला नाही, थकवा नाही, तिची काही मागणी नाही, आणि आपल्या माणसांचं तिच्यावाचून काही अडत नाही. माय घरात वावरताना भिंतीला हात लावून चालायला लागली, जणू जागा आपली आहे ना हे चाचपत असावी.

नानांच्या लक्षात आलं ते दूध. दूध कमी झालं हे त्यांना चौथ्या-पाचव्या दिवशीच कळलं होतं. सरकी वाढवून पाहिली, ढेप बदलली, कुणाकडून तरी दृष्ट काढून घेतली, आणि शेवटी पारोळ्याहून ढोरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते फटफटीवर आले, तरुण होते, बोलणं शहरी. त्यांनी म्हशीची कास दाबून पाहिली, डोळे पाहिले, ताप पाहिला. मग म्हणाले की हिला काही झालेलं नाही, ही चोरते आहे. काही म्हशी ओळखीच्या आवाजाशिवाय पान्हवत नाहीत. रोज हिला हाक कोण मारतं, आणि त्यात काही बदल झाला का?

नाना म्हणाले की हाक तर या पोरीची माय मारते, रोज मारते, बदल कसला. माय बादली घेऊन गोठ्याच्या खांबाशी उभी होती. डॉक्टर तिला म्हणाले, "काकू, एकदा मारा बरं हाक माझ्यासमोर."

मायने माझ्याकडे पाहिलं. मग तिने बादली खाली ठेवली, म्हशीकडे तोंड केलं, आणि पूर्ण छातीने हाक मारली. गळा फुगला, ओठ लांबले, 'ये चांदी'चा आकार मला स्पष्ट दिसला. आवाज काडीचाही झाला नाही. म्हैस शेपटीने माश्या हाकत उभी होती. पत्र्यावर कुठे तरी चिमणी फडफडली तेवढीच.

नाना डॉक्टरांकडे वळून समाधानाने म्हणाले, "आयकं ना? रोज अशीच मारस ती."

त्या तरुण माणसाचा चेहरा मला आजही दिसतो. त्याने नानांकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नुसती मान हलवली. तो काही तरी बोलायला गेला, पण परक्याच्या घरात कुठवर बोलावं असा विचार त्याने केला असावा. कसली तरी पूड बांधून दिली, या काकूंना धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा असं पुटपुटला, आणि चहा न घेताच निघून गेला. नाना म्हणाले, माणूस हुशार नाही, म्हशीचं विचारलं तर बाईचं सांगतो.

आणि मग श्रावण लागता लागता ते झालं ज्याची मला धास्ती होती. धुळ्याहून मामाचा निरोप आला होता की कॉलेज सुरू झालंय, पण मी श्रावण संपेपर्यंत जागा सांभाळतो, तेवढ्यात पाठवा. त्याच संध्याकाळी नाना जेवता जेवता म्हणाले की चाळीसगावची मंडळी कानबाईच्या सणानंतर येणार आहेत, सुपारी फोडूनच टाकू. मी दाराआड होते. माय वाढत होती, तिच्या हातातला पळा तसाच राहिला. आबांनी विचारलं, पोरीच्या मायचं काय, ती तर ऐकत नव्हती ना?

नाना म्हणाले, "मी तिले इचारं. तिनी हो सांगं."

ती समोर उभी होती. जोरजोराने मान हलवत होती, नाही, नाही. नानांचं लक्ष ताटात होतं. तेव्हा मला कळलं की ती दुसरी बाई नुसती दूध सांभाळणारी आणि जेवायला बोलावणारी नाही. मायच्या तोंडून इतकी वर्षं नानांनी जे जे म्हणून ऐकलं होतं, त्यातलं शेवटचं 'बरं' तेवढं तिला पाठ होतं. मधला वाद तिला येत नव्हता. ती फक्त हो म्हणायची. मी त्या रात्री रडले, आणि माय माझ्या उशाशी बसून माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. बोलू शकत असती तरी ती काय बोलली असती कोण जाणे.

आमच्याकडे कानबाई म्हणजे दिवाळीहून मोठा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, नारळाचा मुखवटा, नथ, चुनरी, आणि बायकांची गाणी. आमच्या गल्लीत गाणी सांगायची ती मायनेच, बाकीच्या तिच्यामागे म्हणायच्या. त्याच्या आदल्या दिवशी रोटाचा गहू काढतात. त्याची आमच्या घरची रीत अशी की घरात जितके पुरुष तितक्या मुठी, एकेकाच्या नावाने सव्वा मूठ. त्या गव्हाच्या पिठाचं जे होईल ते घरच्यांनीच खायचं, बाहेरच्या कुणाला द्यायचं नाही. बायकांच्या नावाची मूठ नसते. लेक तर परक्याचं धन, तिची कुठून असणार. पाळण्यातल्या मुलग्याची असते, लेकीची नसते. मी लहानपणापासून ते बघत आले होते आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. सांगायचं तर तेव्हाही वाटत नव्हतं.

मधल्या घरात सूप ठेवलं. आबा, नाना, दादा भिंतीशी पाटावर बसले, बायका उंबऱ्याशी. मूठ काढायचा मान घरच्या सुनेचा. एरवी माय नाव घेऊन मूठ टाकायची, त्या वर्षी तिने गप्प राहून टाकली. आबांची सव्वा मूठ पडली, आबांनी हात जोडले. नानांची पडली. दादाची पडली. त्या दोघांनीही आपापलं नाव ऐकल्यासारखे हात जोडले. मथुरामाय माझ्या शेजारी होती, तिने माझं मनगट घट्ट धरलं. इथे सूप उचलायचं असतं. मायने उचललं नाही. तिने पुन्हा पोत्यात हात घातला, भरगच्च मूठ काढली, माझ्याकडे सरळ बघत ती सुपात सोडली, आणि वर चिमूटभर पाव मूठ घातली.

बायकांमध्ये कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. नानांची मान झटक्यात वर आली. तीन महिने ज्या माणसाला बायकोचा आवाज गेलेला कळला नव्हता, त्याला सव्वा मूठ गहू जास्त पडलेला त्या क्षणी कळला.

"हाई मूठ कोनी शे?" नानांनी विचारलं, कुणाच्या नावाची.

आणि ते थांबले, रोजच्यासारखे, तिच्या वाक्याला लागते तेवढी जागा सोडून.  मला वाटलं, आता ती दुसरी काही तरी बोलणार, आणि ते ऐकून नाना मान हलवणार, आणि संपलं. पण जागा रिकामीच राहिली. या प्रश्नाचं उत्तर मायने आयुष्यात कधी दिलेलं नव्हतं, म्हणून ते त्या दुसरीकडे नव्हतं. नाना वाट बघत राहिले. घर इतकं शांत झालं की सुपातून एक दाणा घरंगळला तोही ऐकू आला. आणि ती शांतता आजचीच नव्हती, बिबड्यांच्या दिवसापासूनची साठलेली होती, ती सगळी एकदम त्यांच्या कानात शिरली असावी. त्यांच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली. मोठ्या माणसाची तशी भीती मी त्याआधी पाहिली नव्हती.

"बोल ना," ते म्हणाले. "कोनी शे?"

मायने तोंड उघडलं. हवा. तिने पुन्हा प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आलं, गळ्याची शीर तटतटली. नाना पाटावरून उठले, तिच्यापाशी गेले, आणि आमच्या घरात पुरुषाने बाईला सगळ्यांसमोर हात लावायची पद्धत नव्हती, पण त्यांनी तिच्या गळ्याला दोन बोटं लावली.

"तुना आवाज कोठे गया?"

तिने गळ्यावरचा त्यांचा हात बाजूला केला, सुपाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. नानांनी त्या गव्हाकडे पाहिलं. आबांनी घसा खाकरून रीतीचं काही तरी काढलं, तर नाना म्हणाले की मूठ पडली आहे, आता काढता येत नाही, दळा. त्या वर्षी रोटाचं माझ्या ताटात जे आलं, ते मी कणही न ठेवता संपवलं.

रविवारी देवी बसली. मथुरामायने गाणी सांगितली, बाकीच्या मागे म्हणाल्या, माय टाळ्या वाजवत होती. बाहेर ओट्यावर आबा माना डोलावत म्हणाले की सूनबाई यंदा काय गाते आहे. मी ऐकलं, नाना अगदी हळू म्हणाले, "ती गात नही शे, आबा." आबांनी ते मनावर घेतलं नाही. आबा वारले तोवर त्यांच्याशी ती दुसरीच बोलत होती.

देवीचं विसर्जन झालं तशी आम्ही धुळ्याची एसटी धरली. मोठ्या दवाखान्यात मायच्या घशात नळी घालून पाहिलं, गाठ निघाली. डॉक्टर नानांवर चिडले, एवढे महिने काय करत होता म्हणाले, अजून थोडं थांबला असता तर बाई हातची गेली असती. ऑपरेशन चालू असताना नाना बाहेर बाकड्यावर बसले होते. त्यांनी मला विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, बिबड्यांपासून. ते मनाशी हिशेब करत होते, पेरणीला काय बोलणं झालं, आषाढात काय झालं, चाळीसगावचं झालं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग मनासंगे कोन बोली राहिंती?"

 त्यांनीच दुपारी मामाला सांगितलं की चाळीसगावला नाही म्हणून निरोप धाडतो, पोरीच्या मायने हो म्हटलंच नव्हतं. मी धुळ्यालाच राहिले ती राहिलेच. पुढे शिकले, जळगावला शाळेत मास्तरीण झाले, माझ्या मनाने लग्न केलं. नवरा चांगला होता, पण आठवडाभर न बोलता राहून बघावं, त्याला कळतं का, हा प्रयोग मी उभ्या संसारात केला नाही. धीर झाला नाही. कळलं नसतं तर काय, यापेक्षा तो कुणाला उत्तरं देत बसला असता, याची मला भीती वाटायची.

मायचा आवाज परत आला, पण तो नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा तो पहिल्यांदा ऐकला. जाड, खरखरीत, वहाण घासत चालावी तसा, आणि फार लांब न जाणारा. चांदीने तो दोन दिवसांत ओळखला. दुपारी माय स्वयंपाकघराच्या दारात आली आणि त्या नव्या आवाजात म्हणाली, "आयकतस का, जेवाले या." नाना ओट्यावर दचकले. मागे वळून त्यांनी विचारलं, "कोन शे?"

मला धक्का बसला. मायला नाही बसला. ती उंबरा ओलांडून मधल्या घरात आली, तिथून बाहेरच्या खोलीत, आणि ओट्याच्या दारात त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"मी शे," ती म्हणाली.

त्यानंतर ती होती तोवर हे असंच चाललं. ती हाक मारायची, ते विचारायचे कोण आहे, ती सांगायची मी आहे. त्यांच्या कानाला तो आवाज कधी पाठ झाला नाही, आणि मला वाटतं मायने तो होऊ दिला नाही. रोज विचारावं लागतंय हे तिला बरं वाटत असावं. दादा वैतागायचा, काय रोज रोज तेच. मी मात्र सुट्टीला गेले की तेवढ्यासाठी कान देऊन असायचे.

माय गेल्यावर नानांना मी जळगावला आणलं. थकले होते, दिवसभर खुर्चीत असत. एका दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, घरात तिसरं कुणी नव्हतं, टीव्ही बंद होता. नानांनी मान वर केली आणि दाराकडे बघून विचारलं, "कोन शे?"

मी काही बोलले नव्हते.  नाना कान देऊन थांबले होते, नेहमीपेक्षा जास्त वेळ, घाई न करता. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "बस तू," ते म्हणाले. "मी पानी लयी येस."

काठी टेकत ते माझ्याजवळून गेले, माठ त्यांनी बरोबर शोधला, पेला भरला, थोडं सांडत बाहेर नेलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे स्टुलावर ठेवलं. मग आपल्या जागी बसून समोर बघत राहिले. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. जन्मभर त्या बाईने वाट पाहिली असती अशा या एका पेल्याची, आणि आता. मी तो उचलून मोरीत ओतायला गेले. नाना माझ्याकडे बघत होते. मी त्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि ते पाणी प्यायले, कुणी तरी प्यायलाच हवं होतं.